बायडीचे एकोणीस खडे

माझ्या हातून आयुष्यात हजारो नावं लिहून झाली. हजेरी घेणारा कारकून दुसरं काय करणार? पण त्यातलं एक नाव लिहिताना माझं पेन अडलं होतं, आणि ते अडलेलं जिने पाहिलं त्या बाईला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. तिचं नाव बायडी. तिची गोष्ट सांगायची तर मला माझी अब्रूही थोडी चव्हाट्यावर मांडावी लागेल. मांडतो. आता या वयात ती जपून तरी काय करायचीय?

साल सहासष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. त्यापायी आमच्या बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. याआधी गाडीतून चार अनोळखी उतरले तर स्टेशनमास्तर बाहेर येऊन बघायचा! माणसं आली की छप्पर लागतं. एका शेठने सालवडच्या बाजूला भाड्याने द्यायला दोनमजली चाळी बांधायला काढल्या. तिथे मी, कृष्णकांत चुरी, राहणार माहीम (मुंबईचं नव्हे, इकडचं), मॅट्रिक दोनदा नापास आणि तिसऱ्यांदा काठावर पास, हजेरी कारकून म्हणून चिकटलो. चोवीस वर्षांचा होतो, खिशाला पेन होतं आणि काखेत हजेरीवही. एवढ्यावर माणूस किती चढतो ते विचारू नका.

स्लॅबचं काम बायकांच्या रांगेवर चालायचं. खाली मिक्सर, वर स्लॅब आणि मधे फळ्यांचा चढ. त्या चढावर बायका ओळीने उभ्या राहायच्या आणि भरलेली घमेली हातोहात वर जायची. चढ जिथे वळतो त्या जागेला आम्ही कोपरा म्हणायचो. कोपऱ्यावरच्या बाईने खालून घमेलं घ्यायचं, कमरेत वळायचं आणि डोक्याच्या वर उचलून पुढचीला द्यायचं. तिथे तास-तास पाळी असे. सबंध दिवस तिथे काढला तर संध्याकाळी भाकर थापायला हात वर होणार नाहीत, असं ते काम.

रांगेची मुकादम होती गोजराबाई. किनाऱ्याकडची, चाळिशीची, वीस वर्षं मासळी विकलेली. नवऱ्याचं होडकं गेलं, मागून नवराही गेला, तेव्हा ती टोपली ठेवून घमेल्याकडे आली. रांगेतल्या बाकीच्याही किनाऱ्याकडच्याच. आवाज गोजराबाईचा असा, की मिक्सर चालू असतानाही तिची शिवी वरच्या मजल्यावर शब्दनशब्द पोचायची. ती शिवी द्यायची, समोरची तिला सव्वाशेर परत करायची, सगळी रांग हसायची आणि हसता हसता स्लॅब पडून व्हायचा. किनाऱ्यावर हे भांडण नसतं, ही विचारपूस असते. मला ती फार आवडायची. दर शनिवारी माझ्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी आणायची, हेही सांगून टाकतो. खाल्ल्या बोंबलाला जागणारा माणूस मी!

तिच्या रांगेत एक बाई कमी पडली म्हणून बायडीला तिथे घातली. बायडी वारल्यांची, डोंगराकडच्या पाड्यावरून दीड तास चालत यायची. वय बाविसेक, अंगाने काडी, पण काम चोख. एकच गोष्ट होती. ती बोलायची नाही. शिवी दिली तरी नाही, थट्टा केली तरी नाही. अकरा बोलक्या बायकांत एक गप्प बाई म्हणजे भरल्या ताटातला खडा. पहिल्या दिवशी गोजराबाईने तिला विचारलं, ‘काय गं, देवानी जीब दिली का नाय?’ सगळ्या हसल्या. बायडीने घमेलं पुढे दिलं. त्या दिवसापासून तिचं नाव ‘मुकी’ पडलं.

पुढे काय काय झालं ते मी तेव्हा ‘थट्टा’ म्हणून बघत होतो. खरं म्हणजे बघत नव्हतो. जे दिसलं की आपल्याला उठावं लागेल, ते माणसाला दिसत नाही.

एकोणीस दिवस झाले. विसाव्या सकाळी बायडी माझ्या खिडकीशी हजेरीचा अंगठा द्यायला आली. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवलाच नाही.

‘मना तरास देतात,’ ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

‘कोण?’

‘सगल्या. गोजरा जास्ती.’

मी खेकसलो, ‘मुकादम ओरडणारच. तुला काय इथे आरती ओवाळायला आणलंय?’

पण माझ्या पाठीमागे आत्माराम राऊत उभे होते. ते आमचे साइट इंजिनिअर. बुटके, रुक्ष, पंचाहत्तर टक्के वेळ पोटदुखीने त्रासलेले, पण माणूस सरळ. म्हणाले, ‘दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना सिमेंटच्या शेडमध्ये बोलाव. जे बोलतील ते तू लिहायचं, शब्दनशब्द. खरं ठरलं तर गोजराबाईची मुकादमी गेली. खोटं ठरलं तर ही उद्यापासून येणार नाही. मला रांगेत कुसळ नको.’

आता माझी कामगिरी ऐका. दुपारच्या आत मी रांगेतल्या एकेकीला गाठलं आणि सांगितलं, साहेब विचारतील, सरळ बोला, तसं काही झालं नाही. हिराला सांगितलं, जमनाला सांगितलं, नलूला सांगितलं. नलू सगळ्यांत लहान. ती खाली बघत ‘बरा’ म्हणाली. गोजराबाईने मला असं काही करायला सांगितलं नव्हतं. ती त्या सकाळी एकही शिवी न देता काम करत होती.

मग बायडीचा नवरा जिवल्या आला. तो पाया खोदणाऱ्यांत होता. हात जोडून म्हणाला, ‘कारकूनसाहेब, तिला काडू नका. हितला गेला तं आमाला भिवंडीकडं वीटभट्टीवर जावा लागंल. सा म्हयने. तवर तिची आय नाय ऱ्हायाची.’

‘मग आईला बघायला दुसरं कुणी ठेव.’

‘बगायचा नाय. शिकायचा हाय.’

मला काही समजेना, म्हणून त्याने सांगितलं. त्यांच्यात लग्न लावायला भटजी नसतो, बाई असते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाते तेव्हा लग्न लागतं. तिने गायलं नाही तर मांडव नुसता मांडव राहतो. बायडीची आई पाच पाड्यांची धवलेरी होती. आता अंथरुणाला खिळली होती. बायडी रोज घरी गेली की आईच्या उशाशी बसून शिकायची, एकेका कडव्याला जमिनीवर एकेक चिंचोका मांडत. अर्धं शिकून झालं होतं. अर्धं अजून आईच्या पोटात होतं.

मी म्हटलं, ‘गाणी काय, कुणीही गातं.’ माझं हे वाक्य मला अजून आठवतं, आणि आठवलं की उगाच दुसरीकडे बघावंसं वाटतं.

दुपारी सिमेंटच्या गोण्यांवर राऊतसाहेब बसले. मी शेजारी, मांडीवर फळी, फळीवर कागद. अकराजणी एका बाजूला, बायडी दुसऱ्या बाजूला एकटी. दाराशी जिवल्या आणि त्याच्या मागे अर्धी साइट.

साहेबांनी आधी बायकांना विचारलं. हिरा म्हणाली, काय झाला नाय. जमना म्हणाली, थोडी मस्करी, बाकी काय नाय. नलू म्हणाली, ‘मना म्हाईत नाय.’ मी भराभरा लिहीत होतो. तीन-चार जबान्या झाल्यावर साहेबांनी नाइलाजाने मान हलवली आणि बायडीकडे वळून म्हणाले, ‘तुला काय सांगायचंय?’

बायडी उभी होती ती खाली बसली. बाहेरच्या ढिगातून तिने ओंजळभर खडी आणली होती, ती पदरात घेतली. समोरची सिमेंटची धूळ तळहाताने सारखी केली. मग डोळे मिटले आणि म्हणाली,

‘धरतरी ऐकते. कणसरी ऐकते. दर्या ऐकतो.’

धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्याची देवी, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ती तिची दैवतं. पण दर्या तिचा नव्हे, दर्या समोरच्या अकराजणींचा. त्यांचं दैवत तिने आपल्या देवांच्या पंगतीला साक्षीला बसवलं होतं. गोजराबाईने चटकन मान वर केली.

बायडीने पहिला खडा मांडला. ती गात नव्हती आणि बोलतही नव्हती. दळताना बाई ज्या एकसुरात म्हणते तसा काहीसा आवाज होता.

‘पैला दीस. आबाल नवता. खाली हिरा, मंग जमना, मंग नलू, मंग मी कोपऱ्यावर. गोजरा बोलली, देवानी जीब दिली का नाय. हिरा हसली. जमना हसली. नलू हसली नाय. मी बोलली नाय. मी मनात आयचा म्हनत होती. रातचा शिकला, दिसा म्हनला नाय तं जातो. त्या दिशी कोपऱ्यावर पाली बदलली नाय.’

दुसरा खडा. तिसरा खडा. कोण कुठे उभी होती, कोण काय बोललं, कोण हसलं, कोण हसलं नाही. कोपऱ्यावरची पाळी कुठल्या दिवशी बदलली नाही. पाणी प्यायला तिला शेवटी कुणी ठेवलं. तिच्या चालण्याची नक्कल कुणी केली, किती पावलं केली. ‘पाचवा दीस. जमना नवती, तिचा पोर तापानी पडला होता.’

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, ‘हजेरी बघ.’

मी वही उघडली. पाचव्या दिवशी जमनाच्या नावापुढे गैरहजर होतं. सातव्या दिवशी दोघी नव्हत्या. वहीत दोघी नव्हत्या. नवव्या दिवशी मिक्सर दुपारी बंद पडला. वहीत तसा शेरा होता, माझ्याच हातचा. मी शाईने लिहून जे विसरलो होतो ते तिला सगळं मुखोद्गत होतं. काडीएवढी बाई ती, आणि आमचा एकेक दिवस तिच्या ओठांवर होता, वारासकट, उन्हासकट! दाराशी उभी असलेली अर्धी साइट एकेक पाऊल आत सरकली होती. मी देवळात जाणारा आहे, कीर्तनाला बसणारा आहे. पण ज्याच्यापुढे आपसूक पाठ ताठ होते असं काही मी तोवर ऐकलं नव्हतं.

अकरावा खडा.

‘अकरावा दीस. खडी डोक्यावरून न्यायची होती. हिरानी माजी चुंबल लपवली. मी उगड्या डोक्यानी खेपा केल्या. बारा. रगत आला. कारकून खिडकीत होता. कारकुनानी बगितला. मंग त्यानी वहीत बगितला.’

माझं पेन थांबलं.

बायडीही थांबली. बारावा खडा तिच्या चिमटीत होता. तिने डोळे उघडले आणि माझ्या कागदाकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पेन चालतंय की थांबलंय हे कळायला अक्षर लागत नाही.

‘लिव,’ ती म्हणाली.

रागाने नाही. पुढचीने एक घमेलं चुकवलं तर जसं ‘घे’ म्हणावं, तितक्या साधेपणी. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पोटावर हात ठेवून दुसरीकडे बघत होते. मी लिहिलं. ‘कृष्णकांत चुरी, हजेरी कारकून, यांनी पाहिले व नंतर वहीत पाहिले.’ माझ्या त्या ओळीचं अक्षर फार वाईट आलं.

मग ती पुढे म्हणाली, ‘तवा गोजरा आली. आपला लुगडा दातानी फाडला. चुंबल केली. माज्या डोक्यावर ठेवली. बोलली काय नाय.’

साहेब म्हणाले, ‘बाई, ही तर तिची चांगली गोष्ट झाली. तुझ्या तक्रारीत ती नाही सांगितलीस तरी चालेल.’

बायडीने मान हलवली. ‘एक सोडला तं फुडचा येत नाय.’

आणि तिने बारावा खडा मांडला. बाराव्या दिवशी गोजराबाईने तिला पुन्हा सबंध दिवस कोपऱ्यावर ठेवलं होतं.

एकोणीस झाले तेव्हा जमिनीवर एक सरळ ओळ होती. नलू मुसमुसत होती. हिरा पदराशी चाळा करत होती. साहेबांनी गोजराबाईला विचारलं, ‘तुझं काय म्हणणं?’

ती काही बोलायच्या आत मी तोंड घातलं. जित्याची खोड! म्हटलं, ‘साहेब, किनाऱ्याकडची बोलीच तशी असते. शिवी म्हणजे त्यांच्यात माया. हिला ते ठाऊक नाही, म्हणून...’

‘कारकून, गप ऱ्हा,’ गोजराबाई म्हणाली.

ती उठून ओळीपाशी आली. खड्यांकडे बघत म्हणाली, ‘आमच्यात शिवी देतात तवा समोरची परत देते, म्हनून ती मस्करी. हिनी परत दिली नाय. मना वाटला, माजलीय. दोन दीस वाटला. तिसऱ्या दिशी हिनी भाकर खाल्ली नाय, तशीच बांदून परत नेली, तवा मना समजला. समजला, तरी मी थांबली नाय. सगल्या हसत होत्या, मना गोड लागत होता. चुंबल दिली ती बी मना लाज वाटली म्हनून. आन दुसऱ्या दिशी त्या लाजेचाच राग हिच्यावर काडला.’ ती साहेबांकडे वळली. ‘दर्याला साक्षीला बसवला हिनी. आता मी काय बोलनार? खरा हाय. यातला एक बी खडा उचलू नका.’

तिने छातीवरचा मुकादमाचा पत्र्याचा बिल्ला काढला आणि एकोणिसाव्या खड्याच्या पुढे ठेवला.

मी तिला वाचवायला दहा तोंडं बंद केली होती, आणि तिने आपलं अकरावं उघडून सगळं सांगून टाकलं. दोन बायका, एकीला डोंगराने शिकवलेलं, एकीला समुद्राने. आणि त्यांच्यामध्ये मॅट्रिक पास मी एकटा अडाणी.

साहेबांनी बायडीला विचारलं, ‘तुला काय पाहिजे? हिला काढू?’

‘नको. कोपऱ्यावर पाली लावा. आन मना मुकी बोलू नका.’

बस्स. एवढंच मागणं होतं तिचं. नलूला मुकादम केलं. गोजराबाई दुसऱ्या दिवसापासून रांगेत उभी राहिली आणि तिची पहिली पाळी कोपऱ्यावर आली. तिला शिव्या देताना त्या दिवशी मी ऐकलं नाही. पुढे आठवड्याने सुरू झाल्या, पण परत देणाऱ्यांनाच. बायडीच्या शेजारी ती गप्प उभी राहायची. एकदा कुणी काहीतरी ओरडलं तर म्हणाली, ‘हळू, तिचा म्हनून होऊ दे.’ आणि शनिवारचे बोंबील मी घेईनासा झालो. खोटं कशाला सांगू, जड गेलं.

बायडीची आई पुढच्या पावसाळ्यात गेली. तोवर सगळं तिच्या पोटातून बायडीच्या पोटात आलं होतं.

एकोणसत्तरला चाळी पुऱ्या झाल्या, शेठने हिशेब मिटवला, आम्ही पांगलो. शेड पाडताना मी जबान्यांचा तो कागद शोधला. वाळवीने फळीसकट खाल्ला होता. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्याच आठवड्यात बोईसरच्या बाजारात गोजराबाई दिसली. पुन्हा टोपली घेऊन सुकी मासळी विकत होती, आणि तिच्या गोणपाटावर टेकून बायडी बसली होती, कुठल्याशा लग्नाचं हळद-कुंकू पदरात बांधून. आता पाच पाडे तिला बोलावत होते.

बोलता बोलता मी म्हटलं, ‘बायडी, तो कागद वाळवीने खाल्ला गं.’

‘खाऊ दे,’ ती म्हणाली. ‘माज्याकडं हाय.’

मी हसण्यावारी नेलं. तिने गोणपाटावरून एक सोडा, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, उचलून समोर ठेवला, डोळे मिटले. ‘धरतरी ऐकते. कणसरी ऐकते. दर्या ऐकतो. पैला दीस. आबाल नवता...’

तीन वर्षांनीही एक शब्द हलला नव्हता. गोजराबाई गिऱ्हाईक सोडून ऐकत होती. स्वतःचं नाव आलं की मान डोलावत होती. अकरावा सोडा आला. ‘कारकुनानी बगितला. मंग त्यानी वहीत बगितला.’

भर बाजारात माझे कान तापले. मी म्हटलं, ‘पण मी नंतर लिहिलं होतं गं. माझ्या हाताने लिहिलं. ते नाहीच का यात?’

बायडीने डोळे उघडले नाहीत.

‘तो विसावा दीस,’ ती म्हणाली. ‘अजून आला नाय. बस.’

मी पिशवी खाली ठेवली आणि दोघींच्या समोर, मातीत, मांडी घालून बसलो.